विजेत्यांची यादी नंतर पाहा: बास्केटबॉल विश्वचषकाचा इतिहास नव्याने वाचणाऱ्यांसाठी

पुरुषांचा बास्केटबॉल विश्वचषक १९५० ते २०२३ या काळात १९ वेळा झाला. अमेरिकेने तो पाच वेळा जिंकला. ज्या देशात १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला, ज्या देशात एनबीएसारखी जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग आहे, त्या देशाच्या हातून हा चषक चौदा वेळा निसटला! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. मी या इतिहासात शिरलो तो याच कोड्यामुळे.

नवीन वाचक बहुतेक वेळा विजेत्यांची यादी समोर घेऊन बसतो. यादी पाठ होते, पण कळत काहीच नाही. १९५९ ला ब्राझील का, १९७० ला युगोस्लाव्हिया का, १९९८ ला अमेरिका तिसरी का, हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की कुठलंही साल उघडलंत, तरी आधी विचारा: त्या वर्षी कोण खेळायला आलं होतं आणि कोण आलं नव्हतं? जिंकलं कोण, हे त्यानंतर पाहा. खाली दिलेल्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

पायरी १: नावं वेगळी करून घ्या

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ म्हणजे फिबा. त्याची स्थापना १९३२ मध्ये जिनिव्हात झाली. १९५० पासून २०१० पर्यंत या स्पर्धेचं नाव 'जागतिक अजिंक्यपद स्पर्धा' असं होतं. २०१४ पासून तिला 'विश्वचषक' म्हणतात. स्पर्धा तीच आहे, फक्त नाव बदललं. विजेत्याला मिळणाऱ्या चषकाला नेस्मिथ यांचं नाव आहे आणि तो १९६७ पासून दिला जातो.

ऑलिम्पिक ही वेगळी स्पर्धा आहे. जॉर्डन, मॅजिक आणि बर्ड यांची १९९२ ची 'ड्रीम टीम' बार्सिलोना ऑलिम्पिकमधली. १९७२ चा अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ हा गाजलेला वादग्रस्त अंतिम सामना म्युनिक ऑलिम्पिकमधला. विश्वचषकाच्या गप्पांत हे दोन्ही संदर्भ हटकून शिरतात आणि सगळी सरमिसळ होते. त्यांना सुरुवातीलाच बाजूला काढा.

पायरी २: एक वही करा आणि पाच रकाने आखा

रकाने असे: वर्ष व यजमान, विजेता कसा ठरला, कोण नव्हतं, कोणता नियम नवा होता, आणि लक्षात राहिलेला एक सामना. पदकं हवी तर समासात लिहा.

माझ्या वहीतली १९९८ ची ओळ नमुन्यादाखल देतो. यजमान ग्रीस. विजेता बाद फेरीतून ठरला. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाने रशियाला ६४-६२ असं हरवलं. कोण नव्हतं? एनबीएचे खेळाडू. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे एनबीए बंद पडली होती, म्हणून अमेरिकेने दुय्यम लीग, युरोपातले क्लब आणि महाविद्यालयं इथून बारा जण गोळा करून पाठवले. त्यांनी कांस्यपदक मिळवलं. आता 'अमेरिका तिसरी' हे शब्द पुन्हा वाचा. आधी जे अपयश वाटत होतं, ते चिवटपणाचं फळ वाटायला लागतं की नाही?

पायरी ३: वाचन १९५० पासून सुरू करू नका, २००२ आणि २००६ पासून करा

जुन्या स्पर्धांचं चित्रण तुटक आहे आणि नियमही अनोळखी वाटतात. मधून सुरुवात केली की डोळ्यांना सवय होते. फिबाच्या अधिकृत संकेतस्थळावर जुने निकाल आणि खेळाडूंची आकडेवारी मिळते. तिथून आधी ही दोन वर्षं उघडा.

२००२ ची स्पर्धा अमेरिकेत, इंडियानापोलिसमध्ये झाली. एनबीएचे खेळाडू घेऊन उतरलेला अमेरिकेचा संघ तोवर ५८ सामन्यांत एकदाही हरला नव्हता. ४ सप्टेंबरला अर्जेंटिनाने त्याला ८७-८० असं हरवलं. मग उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियानेही ८१-७८ अशी धूळ चारली आणि घरच्या मैदानावर अमेरिका सहावी आली. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या तोंडाशी आलेला घास गेला: निर्धारित वेळेच्या शेवटच्या क्षणी ह्यूगो स्कोनोचिनी बास्केटकडे झेपावला, अर्जेंटिनाच्या मते फाऊल झाला होता, पण शिट्टी वाजलीच नाही. जादा वेळेत युगोस्लाव्हियाने ८४-७७ अशी बाजी मारली. अर्जेंटिनाचा प्रमुख खेळाडू मनू जिनोबिली याचा घोटा उपांत्य सामन्यात दुखावला होता. अंतिम सामन्यात तो मैदानात उतरला, पण जेमतेमच. 'कोण नव्हतं' या रकान्यात मी त्याचंही नाव लिहून ठेवलंय.

२००६ चा ग्रीस विरुद्ध अमेरिका हा उपांत्य सामना तर पूर्ण पाहा, आणि आकडेवारीचा कागद शेजारी ठेवून पाहा. जपानमधल्या सायतामात झालेल्या या सामन्यात ग्रीस १०१-९५ असं जिंकलं, तेव्हा ग्रीसच्या बारा जणांत त्या वेळी एनबीएत खेळणारा एकही नव्हता. आता कागदावर बोट ठेवा. अमेरिकेने ३४ फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणाऱ्या, कुणी न अडवता टाकायच्या एका गुणाच्या फेकी) घेतले आणि त्यातले फक्त २० घातले. चौदा फुकटचे गुण गेले, आणि पराभव होता सहा गुणांचा. ग्रीसच्या बाजूला पापालुकासपुढे १२ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास) दिसतील, स्पॅनुलिसपुढे २२ गुण दिसतील, आणि धिप्पाड स्कोर्तसानितिसपुढे १४. हे सगळं जवळपास एकाच चालीतून आलं. मोठा खेळाडू चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट अडवतो आणि लगेच वळून बास्केटकडे धावतो, म्हणजे साधा पिक अँड रोल. अमेरिकेचे बचावपटू एकमेकांत माणसं बदलून घ्यायला दर वेळी अर्धं पाऊल उशीर करत होते, आणि तेवढ्यात चेंडू आत पोचलेला असे. मी तिसऱ्या सत्राचा भाग पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलाय. दरवेळी वाटतं, आता तरी कुणीतरी हे थांबवेल.

त्याच ग्रीसला दोन दिवसांनी स्पेनने ७०-४७ असं गुंडाळलं, तेही आपला प्रमुख खेळाडू पाव गॅसोल याच्याशिवाय. गॅसोल उपांत्य सामन्यात जखमी झाला होता, अंतिम सामना त्याने बाकावरून पाहिला, आणि स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तरीही तोच ठरला. म्हणजे 'कोण नव्हतं' या प्रश्नाचं उत्तर कधी कधी विजेत्याच्याच बाकावर सापडतं.

पायरी ४: आता मागे या, आणि 'अंतिम सामना' हा शब्द जपून वापरा

पहिली स्पर्धा १९५० मध्ये ब्यूनस आयर्समध्ये, लूना पार्कच्या सभागृहात झाली. दहा संघ होते. शेवटच्या दिवशी अर्जेंटिनाने अमेरिकेला ६४-५० असं हरवलं, लोक पेटते कागद हातात घेऊन रस्त्यावर उतरले, आणि ती रात्र 'मशालींची रात्र' म्हणून ओळखली जाऊ लागली. पण नियमांच्या भाषेत तो अंतिम सामना नव्हता. सहा संघांची अंतिम साखळी होती आणि त्यातला तो शेवटचा सामना होता. दोघंही तोवर अपराजित होते, म्हणून तो अंतिम सामन्यासारखा रंगला, इतकंच.

सुवर्णपदकासाठी वेगळा अंतिम सामना खेळायची पद्धत १९७८ मध्ये, मनिलाच्या स्पर्धेत आली. त्याआधीच्या सगळ्या स्पर्धा साखळीतून ठरल्या. याचा परिणाम सगळ्यांत छान दिसतो तो १९७४ मध्ये, प्वेर्तो रिकोत. सोव्हिएत संघाने अमेरिकेला हरवलं, अमेरिकेने युगोस्लाव्हियाला हरवलं, युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला हरवलं. तिघं बरोबरीत. मग आपसांतल्या सामन्यांचे गुण मोजले गेले आणि सोव्हिएत संघाला सुवर्ण मिळालं. १९७४ च्या 'अंतिम सामन्याचा स्कोअर' शोधत बसलात तर तो सापडणारच नाही, कारण तो कधी झालाच नाही.

१९५० चा अमेरिकेचा संघ कोणता होता? 'डेन्व्हर शेव्हरोलेट्स', एक हौशी क्लब संघ. १९५४ ला रिओमध्ये सुवर्ण जिंकलं ते 'पिओरिया कॅटरपिलर्स' या दुसऱ्या हौशी संघाने. १९५९ ला हवाई दलाचे खेळाडू आले. तेव्हा व्यावसायिकांना बंदी होती आणि अमेरिकेसाठी खरी किंमत ऑलिम्पिकलाच होती. त्यामुळे छातीवर देशाचं नाव असलं, तरी देशातले सर्वोत्तम बारा जण तिथे कधीच नव्हते.

अर्जेंटिनाच्या त्या पहिल्या विजेत्यांचं पुढे काय झालं, हेही वहीत लिहून ठेवा. अर्जेंटिनाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांच्या सरकारने त्यांना मोटार आयातीचे परवाने बक्षीस म्हणून दिले होते. पेरॉन सत्तेवरून गेल्यावर आलेल्या राजवटीने १९५७ मध्ये याच कारणावरून त्यांना 'व्यावसायिक' ठरवून त्यांच्यावर बंदी घातली. जगज्जेत्या खेळाडूंची एक अख्खी पिढी मैदानाबाहेर गेली. अर्जेंटिना पुन्हा या स्पर्धेच्या सुवर्णाजवळ पोचायला २००२ उजाडलं, ही जोडणी यादीत दिसत नाही.

पायरी ५: १९५९ आणि १९६३ वाचताना वर्तमानपत्राचं पहिलं पान डोळ्यांसमोर ठेवा

चिलीतली १९५९ ची स्पर्धा सँतियागोच्या राष्ट्रीय फुटबॉल मैदानात, उघड्यावर झाली, कारण नवं सभागृह वेळेत बांधून झालं नव्हतं. सोव्हिएत संघ प्रत्यक्ष मैदानावर कुणाकडूनच हरला नाही. अमेरिकेला तर त्याने ६२-३७ असं लोळवलं. पण तैवानच्या संघाशी खेळायला त्याने नकार दिला, कारण त्या देशाला मॉस्कोची मान्यता नव्हती. बल्गेरियानेही तेच केलं. फिबाने ते चालवून घेतलं नाही. सोव्हिएत संघ थेट सहाव्या क्रमांकावर फेकला गेला आणि ब्राझील जगज्जेता झालं.

ब्राझीलला कमी लेखायला हे कारण पुरतं का? मला तसं वाटत नाही, आणि याचा पुरावा चार वर्षांनी मिळतो. १९६३ ची स्पर्धा मनिलात व्हायची होती. फिलिपिन्स सरकारने कम्युनिस्ट देशांच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला, म्हणून फिबाने यजमानपद काढून घेऊन स्पर्धा रिओला नेली. या वेळी सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, अमेरिका सगळे हजर होते, आणि व्लामिर मार्केसच्या ब्राझीलने सुवर्ण राखलं. फिलिपिन्सने १९५४ मध्ये कांस्यपदक जिंकलं होतं. आशियाई संघाची या स्पर्धेतली आजवरची सर्वोत्तम कामगिरी तीच आहे. त्या देशाला यजमान व्हायला १९७८ पर्यंत थांबावं लागलं.

पायरी ६: युगोस्लाव्हियाच्या नावापुढे प्रत्येक वेळी साल लिहा

यादीत युगोस्लाव्हियाची पाच विजेतेपदं दिसतात: १९७०, १९७८, १९९०, १९९८, २००२. यातली पहिली तीन सहा प्रजासत्ताकांच्या जुन्या देशाची आहेत, नंतरची दोन फक्त सर्बिया आणि माँटेनेग्रो उरलेल्या देशाची. नुसतं 'युगोस्लाव्हिया' लिहिलंत तर १९९० आणि १९९८ यांच्यामधली सगळी उलथापालथ झाकली जाते.

१९७० ची स्पर्धा ल्युब्लियानात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात झाली. संघात क्रोएशियातला क्रेशिमिर चोसिच होता, स्लोव्हेनियाचा इव्हो दानेउ होता. अमेरिकेला ७०-६३ असं हरवून त्यांनी घरच्या लोकांसमोर सुवर्ण पक्कं केलं. १९९० ला, चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच लूना पार्कमध्ये, युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला ९२-७५ असं हरवलं. लिथुआनियाचे खेळाडू त्या सोव्हिएत संघात नव्हते, हे रकान्यात लिहा. सामना संपल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला, युगोस्लाव्हियाच्या व्लादे दिवाचने तो झेंडा त्याच्या हातून काढून घेतला. दिवाच सर्ब, त्याचा जिवलग मित्र आणि संघातला सहकारी द्राझेन पेट्रोविच क्रोएशियन. त्यांची मैत्री त्यानंतर पुन्हा जुळली नाही आणि १९९३ मध्ये पेट्रोविच रस्ता अपघातात गेला. मला त्या अंतिम सामन्याचं चित्रण पाहताना आजही आनंद पूर्ण होत नाही.

१९९४ ची स्पर्धा बेलग्रेडला ठरली होती. युद्धामुळे संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले, स्पर्धा टोरांटोला गेली आणि युगोस्लाव्हियाला खेळताच आलं नाही. अमेरिकेने शकील ओनीलच्या संघासह रशियाला १३७-९१ असं चिरडलं. त्या गुणफरकाने दिपून जाण्याआधी 'कोण नव्हतं' या रकान्यात आधीच्या जगज्जेत्याचं नाव लिहा.

पायरी ७: नियमांचा रकाना रिकामा ठेवू नका

मी सुरुवातीला तो रिकामा सोडायचो, आणि त्यामुळे १९८६ चा सोव्हिएत संघ विरुद्ध युगोस्लाव्हिया हा माद्रिदमधला उपांत्य सामना मला नीट कळलाच नव्हता. युगोस्लाव्हिया नऊ गुणांनी पुढे, एक मिनिटही उरलेलं नाही. फिबाने तीन गुणांची रेषा (तिच्या बाहेरून घातलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण) १९८४ मध्ये आणली होती आणि ती असलेली ही पहिलीच जागतिक स्पर्धा. सोव्हिएत संघाच्या साबोनिसने लांबून तीन गुण घेतले. मग तिखोनेन्कोने. युगोस्लाव्हियाचा चेंडू अठरा वर्षांच्या दिवाचकडे आला आणि दबावाखाली त्याच्याकडून नियमभंग झाला, चेंडू गेला. वाल्तर्सनेही तीन घेतले. ८५-८५. जादा वेळेत सोव्हिएत संघ ९१-९० असा जिंकला.

अजून एक नियम इथे हवा. त्या काळी फाऊल झाल्यावर फ्री थ्रो न घेता बाजूने चेंडू आत टाकायची मुभा होती, आणि युगोस्लाव्हियाने शेवटी तीच निवडली. जुन्या हिशेबाने ते शहाणपणाचं होतं, कारण दोन-दोन गुणांनी नऊची आघाडी मिनिटात फिटत नसे. नव्या रेषेने तो हिशेबच मोडला. अंतिम सामन्यात मात्र अमेरिकेच्या महाविद्यालयीन मुलांनी, त्यात डेव्हिड रॉबिन्सन होता, सोव्हिएत संघाला ८७-८५ असं हरवलं.

नियमांतला सगळ्यांत मोठा बदल मैदानाबाहेर झाला. १९८९ मध्ये म्युनिकच्या अधिवेशनात फिबाने ५६ विरुद्ध १३ मतांनी एनबीए खेळाडूंवरची बंदी उठवली. विरोधात मत देणाऱ्यांत खुद्द अमेरिका होती. ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटची गोष्ट या निर्णयाच्या आधीची: १९८४ मध्ये एनबीएतल्या न्यू जर्सीच्या संघाने त्याची निवड केली होती, पण एनबीएत गेलं की देशाची जर्सी सुटते म्हणून तो गेलाच नाही. या स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक एकूण गुण, ८४३, त्याच्याच नावावर आहेत.

पायरी ८: अलीकडच्या स्पर्धांवर हाच प्रश्न घासून पाहा

'कोण आलं नव्हतं' या प्रश्नाने सगळंच उलगडतं असं नाही, आणि ते लवकर कळलेलं बरं. २०१० मध्ये तुर्कस्तानात अमेरिकेने बीजिंग ऑलिम्पिक जिंकणाऱ्या संघातला एकही खेळाडू नेला नव्हता. तरी केव्हिन ड्युरंटच्या जोरावर यजमानांना ८१-६४ असं हरवून सुवर्ण घेतलं. २०१४ ला माद्रिदमध्ये सर्बियावर १२९-९२ असा एकतर्फी विजय मिळवला.

पुढची स्पर्धा फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षाशी टक्कर नको म्हणून २०१८ ऐवजी २०१९ मध्ये चीनमध्ये झाली, संघ २४ वरून ३२ झाले. अमेरिकेच्या बड्या खेळाडूंनी एकामागून एक माघार घेतली. फ्रान्सने त्यांना ८९-७९ असं हरवलं, सलग ५८ विजयांची मालिका तुटली (पुन्हा तोच आकडा) आणि अमेरिका सातवी आली. स्पेनने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ९५-७५ असं हरवलं. अर्जेंटिनाच्या लुईस स्कोलाने वयाच्या ३९ व्या वर्षी उपांत्य सामन्यात २८ गुण केले होते. २००२ च्या संघातला तो अजून खेळत होता.

२०२३ साठी जर्मनीच्या डेनिस श्रूडरच्या दोन सामन्यांचे आकडे शेजारी ठेवा. लाटव्हियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने २६ फेकींपैकी फक्त ४ घातल्या आणि जर्मनी ८१-७९ असं कसंबसं निभावलं. अंतिम सामन्यात सर्बियाविरुद्ध त्याने २८ गुण केले, जर्मनी ८३-७७ असं जिंकलं. मधल्या सामन्यात त्यांनी अमेरिकेला ११३-१११ असं हरवलं होतं. आठपैकी आठ सामने जिंकून जर्मनी पहिल्यांदा जगज्जेता झालं. त्या सर्बियाच्या संघात त्यांचा एनबीएतला सर्वांत मोठा खेळाडू निकोला योकिच नव्हता. तुमच्या वहीत ते आपोआप लिहिलं जाईल, आता सवय झालेली असेल.

पायरी ९: पुढची ओळ आतापासून भरायला घ्या

पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये कतारमध्ये, दोहात आहे. बरेचसे पात्रता सामने नोव्हेंबर, फेब्रुवारी अशा तुकड्यांत होतात, ऐन लीगच्या हंगामात. त्यामुळे एनबीए आणि युरोलीग (युरोपातल्या बड्या क्लबांची लीग) यांतले बहुतेक खेळाडू तेव्हा देशाकडून खेळू शकत नाहीत. पात्रता मिळवून देणारे बारा आणि विश्वचषकात खेळणारे बारा यांत मोठी तफावत पडते. एखादा संघ निवडा, शक्यतो बलाढ्य नको. दक्षिण सुदानसारखा चालेल, ज्याने २०२३ मध्ये पहिल्याच विश्वचषकात तीन सामने जिंकून ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं. त्याच्या प्रत्येक पात्रता सामन्यातली बारा नावं तारखेसह लिहा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अंतिम बारा जाहीर झाले की दोन्ही याद्यांवर पेन्सिलने खुणा करा: कोण राहिलं, कोण नव्याने आलं, कोण गळालं.